स्लावला राहायला येताय? लंडनला नोकरी करणाऱ्या कुटुंबासाठी पहिल्या वर्षाची वाटचाल

सगळ्यात आधी गावाचं नाव नीट म्हणायला शिका. इंग्रजी अक्षरं बघून कुणी ‘स्लफ’ म्हणतं, कुणी ‘स्लो’. खरा उच्चार ‘स्लाव’, आपल्या ‘गाव’शी यमक जुळणारा. लंडनच्या ऑफिसात कुणाला सांगितलंत की आम्ही स्लावला घर बघतोय, तर समोरचा बहुधा नाक मुरडेल. त्यावरून काही ठरवू नका. मी ठाण्याहून इथे यायचं ठरवलं तेव्हा मलाही तिघांनी ‘तिथे नको’ असं बजावलं होतं. त्या तिघांपैकी एकही जण इथे राहिलेला नव्हता.

अंतराचा अंदाज हवा असेल तर ठाणेच डोळ्यांपुढे आणा. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनपासून स्लाव साधारण ३० किलोमीटरवर आहे, म्हणजे सीएसएमटी ते ठाणे या अंतरापेक्षा थोडंसं कमीच. २०२१च्या जनगणनेत इथली लोकसंख्या सुमारे १,५८,५०० होती आणि त्यातले जवळजवळ निम्मे लोक आशियाई वंशाचे. हे गाव बाहेरून आलेल्या माणसांनीच मोठं केलंय. पहिल्या महायुद्धातल्या लष्करी गाड्यांच्या डेपोची जागा १९२० साली विकली गेली आणि तिथे स्लाव ट्रेडिंग इस्टेट ही औद्योगिक वसाहत उभी राहिली. मंदीच्या काळात वेल्समधले बेकार कामगार इथे कामाला आले, दुसऱ्या महायुद्धानंतर पोलिश आले, मग पंजाबी आणि पाकिस्तानी कुटुंबं आली. लहानपणी आपण दुधात घालून प्यायलेल्या हॉर्लिक्सचा लाल विटांचा कारखानाही इथलाच. त्याचा मनोरा अजून स्टेशनजवळ उभा आहे आणि आवारात आता घरं झाली आहेत.

आधी गाडी, मग घर

नवीन आलेले बहुतेक जण उलटं करतात. भाडं बघून घर घेतात आणि मग रोज स्टेशन गाठता गाठता दमतात. तुम्ही आधी ऑफिसचं स्टेशन कागदावर लिहा आणि तिथून मागे या.

स्लावहून लंडनला जायला दोन प्रकारच्या गाड्या आहेत, आपल्या भाषेत फास्ट आणि स्लो. ग्रेट वेस्टर्न या रेल्वे कंपनीची जलद गाडी मध्ये न थांबता वीस मिनिटांच्या आत पॅडिंग्टनला पोचवते. एलिझाबेथ लाइनची गाडी बहुतेक छोट्या स्टेशनांवर थांबत जाते, त्यामुळे पॅडिंग्टनला साधारण अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. पण ती पॅडिंग्टनला संपत नाही. टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, लिव्हरपूल स्ट्रीट, कॅनरी वॉर्फ अशी थेट शहराच्या पोटातून जाते. २०२२च्या नोव्हेंबरात ही थेट गाडी सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचं आयुष्यच बदललं. त्याआधी पॅडिंग्टनला उतरून भुयारी गाडीच्या गर्दीत घुसावं लागायचं. ऑफिस पॅडिंग्टनच्या आसपास असेल तर जलद गाडी घ्या. लिव्हरपूल स्ट्रीट किंवा कॅनरी वॉर्फ असेल तर बसायला जागा देणारी, गाडी बदलायला न लावणारी एलिझाबेथ लाइनच बरी. सकाळी स्लावला तिच्यात बहुतेकदा बसायला मिळतं. लहान मुलांना घेऊन जाताना एवढं मात्र लक्षात ठेवा की या गाडीत स्वच्छतागृह नसतं.

आता पैशांची गोष्ट, कारण चुका इथेच होतात. लंडनमधलं निळं ऑयस्टर कार्ड स्लावच्या रेल्वेला चालत नाही. या मार्गावर त्याची हद्द वेस्ट ड्रेटनला संपते. माझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात ऑयस्टरने प्रवास केला आणि इथल्या गेटशी अडकून पडला. दंडही भरावा लागला. तुमचं बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा फोन वापरा, आणि आत जाताना जे टेकवलं तेच बाहेर येताना टेकवा. कार्ड आणि त्याच कार्डाचा फोन हे गेटच्या हिशेबी दोन वेगळे प्रवासी असतात. सकाळी ६.३० ते ९.३० ही महागाची वेळ. ऑफिसने थोडी मोकळीक दिली तर ९.३० नंतर निघा, महिन्याकाठी फरक जाणवतो. आठवड्यातून दोनच दिवस जात असाल तर फ्लेक्सी सीझन तिकीट बघा. त्यात २८ दिवसांत वापरायचे ८ दिवस मिळतात. रेलकार्ड या सवलतीच्या कार्डाची सूट कॉन्टॅक्टलेसवर मिळत नाही, त्यासाठी वेगळं तिकीट काढावं लागतं. ग्रेट वेस्टर्नची गाडी १५ मिनिटांहून जास्त उशिरा पोचली तर भरपाई मागता येते. अर्ज पाच मिनिटांचा असतो. कंटाळा करू नका.

हीथ्रो विमानतळ अगदी शेजारी आहे, पण थेट रेल्वे नाही. हेझ अँड हार्लिंग्टनला गाडी बदलावी लागते. सामान जास्त असेल तर बस किंवा टॅक्सीच सोपी.

या स्टेशनात नुसतं धावत सुटू नका, एकदा थांबून बघाही. १८३८ साली रेल्वे सुरू झाली तेव्हा जवळच्या ईटन शाळेच्या विरोधामुळे इथे स्टेशन बांधायला बंदी होती. कंपनीने एका खानावळीतल्या खोल्या भाड्याने घेऊन तिथे तिकिटं विकली आणि गाड्या थांबवल्या. १३ जून १८४२ रोजी राणी व्हिक्टोरियाने आपला पहिला रेल्वेप्रवास इथूनच पॅडिंग्टनपर्यंत केला, २५ मिनिटांत. पाच नंबरच्या फलाटावर काचेच्या पेटीत जिम नावाचा कुत्रा पेंढा भरून ठेवलाय. रेल्वे कामगारांच्या विधवा आणि अनाथ मुलांसाठी तो फलाटावर फिरून पैसे गोळा करायचा. १८९६ साली तो गेला. माझी मुलगी अजून त्याला ‘टाटा’ केल्याशिवाय गाडीत चढत नाही.

कुठल्या भागात राहायचं

स्लाव कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हद्दीत तीन स्टेशनं आहेत: पश्चिमेला बर्नहॅम, मध्ये स्लाव, पूर्वेला लँगली. एलिझाबेथ लाइन तिन्हीकडे थांबते. जलद गाड्यांसाठी मात्र स्लावलाच यावं लागतं.

एकटे असाल किंवा दोघंच असाल आणि कार घ्यायची नसेल, तर स्टेशनच्या आसपासचे नवे फ्लॅट सोयीचे. मुलं असतील तर लँगली आणि सिपनहॅम हे दोन भाग आधी बघा. लँगलीला स्वतःचं स्टेशन, शाळा आणि मोठं उद्यान आहे, पण विमानांचा आवाज येतो. आणखी पूर्वेला कोलनब्रुकला तो जास्तच. सिपनहॅमहून बर्नहॅम स्टेशन जवळ पडतं आणि रस्ते शांत आहेत. अप्टनकडची घरं जुनी, झाडं भरपूर, भाडं चढं. चॅल्वीत भाडं कमी मिळू शकतं. तिथे गल्लीगल्लीत फरक आहे, म्हणून स्वतः चालून बघा.

कुठलंही घर दोनदा बघा. एकदा दिवसा आणि एकदा संध्याकाळी सातनंतर. विमानं कुठल्या बाजूने उडणार हे वाऱ्यावर ठरतं, त्यामुळे एका भेटीत सगळं शांत वाटू शकतं. गुन्ह्यांबद्दल ऐकीव गोष्टींपेक्षा पोलिसांच्या अधिकृत संकेतस्थळावर रस्त्यानिहाय नकाशा असतो तो बघा.

एक फसगत टाळा. पत्त्यात ‘एसएल’ पिनकोड असला म्हणजे घर स्लाव कौन्सिलमध्ये असेलच असं नाही. बर्नहॅम गाव (स्टेशन नव्हे), स्टोक पोजिस आणि आयव्हर बकिंगहॅमशरमध्ये येतात, तर डॅचेट आणि ईटन विंडसरच्या कौन्सिलमध्ये. कौन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा कर), कचरा आणि शाळेचा अर्ज, सगळं त्यावर ठरतं. डॅचेटचा भाग थेम्सच्या काठी असल्याने २०१४ साली तिथे पाणी शिरलं होतं. तिकडे घर घेत असाल तर पुराचा सरकारी नकाशा बघूनच पुढे जा.

भाड्याचं घर घेताना

इथे मालकापेक्षा एजंटशी जास्त बोलावं लागतं. आमच्या पहिल्या एजंटने ‘कागदपत्रांचा खर्च’ म्हणून वेगळे पैसे मागितले होते आणि आम्ही नवखेपणी ते देणार होतो. शेजारच्या पंजाबी आंटींनी हात धरून थांबवलं. २०१९च्या कायद्यानुसार इंग्लंडमध्ये भाडेकरूकडून अशी फी घेताच येत नाही. नेहमीच्या भाड्यात डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं, आणि घर राखून ठेवायला जास्तीत जास्त एका आठवड्याचं भाडं. डिपॉझिट ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत जमा झालंच पाहिजे आणि त्याचा कागद तुम्हाला मिळाला पाहिजे. तो नाही मिळाला तर विचारा, आणि लेखी विचारा.

भारतातून नव्याने आलेल्यांकडे इथली पतनोंद नसते. म्हणून पूर्वी सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची पद्धत होती. नव्या कायद्याने १ मे २०२६पासून, म्हणजे नेमक्या महाराष्ट्र दिनापासून, ती बंद केलीय. एका महिन्यापेक्षा जास्त भाडं आगाऊ मागता येत नाही. त्याच दिवसापासून काही कारण न देता घर सोडायला लावायची जुनी नोटीसही संपली. गॅरंटर, म्हणजे हमीदार, मात्र मागू शकतात. कंपनीकडून नोकरीचं आणि पगाराचं पत्र आधीच घेऊन ठेवा.

घर ताब्यात घेताना जी यादी देतात, ती इन्व्हेंटरी, तिच्यावर डोळे मिटून सही करू नका. प्रत्येक खोलीचे, गालिच्यावरच्या डागांचे, ओव्हनच्या आतले फोटो काढा आणि त्याच दिवशी एजंटला मेल करा. वीज, गॅस आणि पाण्याच्या मीटरचे आकडेही टिपून ठेवा. घर सोडताना हेच फोटो तुमचे साक्षीदार.

कौन्सिल टॅक्स भाड्यात धरलेला नसतो, हे पहिल्याच दिवशी हिशेबात घ्या. घराच्या किमतीवरून ठरलेल्या गटाप्रमाणे (बँडप्रमाणे) तो ठरतो आणि साधारणपणे वर्षातून दहा हप्त्यांत भरायचा असतो. प्रौढ व्यक्ती एकटीच राहत असेल तर २५ टक्के सूट मिळते, पण अर्ज केल्यावर. स्लाव कौन्सिलची तिजोरी २०२१च्या जुलैत रिकामी झाली होती. त्यानंतर २०२३-२४मध्ये इथला टॅक्स ९.९९ टक्क्यांनी आणि पुढच्या वर्षी ८.५ टक्क्यांनी वाढला. घराची तुलना करताना भाडं आणि टॅक्स यांची बेरीज करूनच करा.

पहिल्या पंधरवड्यातली कागदपत्रं

व्हिसा आता ऑनलाइन असतो. त्या खात्यात पासपोर्ट जोडलेला आहे ना, हे विमानात बसण्याआधी बघा. त्या खात्यातून व्हिसाच्या पुराव्यासाठी शेअर कोड काढता येतो. घरमालकाला दाखवायचा कोड वेगळा आणि कंपनीला दाखवायचा वेगळा. घाईत चुकीचा पाठवला की दोन दिवस जातात. पगारातून कर आणि विमा कापण्यासाठी लागणाऱ्या नॅशनल इन्शुरन्स नंबरचा अर्ज आल्या आल्या करून टाका.

डॉक्टरकडे, म्हणजे जीपीकडे, आजारी पडायच्या आधी नाव नोंदवा. पत्त्याचा पुरावा नसला तरी नोंदणी करता येते. काउंटरवर ‘नाही’ म्हणाले तर शांतपणे पुन्हा सांगा. मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका भारतातून न विसरता आणा. इथलं लसींचं वेळापत्रक वेगळं आहे आणि नर्सला तारखा लागतात. सर्दी-खोकला, घसा, कान अशा किरकोळ तक्रारींसाठी आधी औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारा. रात्री काय करावं कळत नसेल तर १११ला फोन करा, जिवावरचं असेल तर ९९९ला. इथलं मोठं रुग्णालय वेक्सहॅम पार्क. बाळंतपण आणि अपघात विभाग दोन्ही तिथेच.

भारतीय परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते. नंतर इथली लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावीच लागते, परवाना नुसता बदलून मिळत नाही. परीक्षेची तारीख मिळायला फार वेळ लागतो, म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच मागे लागा. जुनी डिझेल गाडी घेत असाल तर सावध राहा. स्लाव लंडनच्या हद्दीबाहेर आहे, पण ऑगस्ट २०२३पासून लंडनच्या सगळ्या भागांत प्रदूषणकर लागू झालाय. नियमात न बसणारी गाडी घेऊन साउथॉलला भाजी आणायला गेलात तरी दिवसाचे १२.५० पौंड भरावे लागतील.

शाळा: इथे तारखा चुकवू नका

स्लावला येणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांचं खरं कारण शाळा हेच असतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

मूल चार वर्षांचं झालं की त्यानंतरच्या सप्टेंबरात ते रिसेप्शनच्या वर्गात जातं. त्यासाठी अर्जाची शेवटची तारीख १५ जानेवारी, निकाल १६ एप्रिलच्या सुमारास. माध्यमिक शाळेसाठी शेवटची तारीख ३१ ऑक्टोबर, निकाल १ मार्चच्या सुमारास. वर्षाच्या मध्येच आलात तर कौन्सिलकडे वेगळा अर्ज करायचा. रिसेप्शन आणि पहिली-दुसरीच्या वर्गात एका शिक्षकामागे ३०पेक्षा जास्त मुलं घ्यायला कायद्याने मनाई आहे. त्यामुळे समोरची शाळा भरली असेल तर हुज्जत घालून उपयोग नसतो. मिळेल ती जागा घ्या, हव्या त्या शाळेच्या प्रतीक्षायादीत नाव ठेवा. इथली माणसं सारखी घरं बदलतात, यादी हलते. आमची दोन महिन्यांत हलली. या तीन वर्गांत दुपारचं जेवण सगळ्या मुलांना मोफत असतं. शाकाहारी असाल तर शाळेला लेखी कळवा.

स्लावमध्ये चार ग्रामर शाळा आहेत: लँगली ग्रामर, हर्शल ग्रामर, अप्टन कोर्ट ग्रामर आणि सेंट बर्नार्ड्स कॅथलिक ग्रामर. या सरकारी आहेत, फी नसते, पण प्रवेश परीक्षेवर. ती ‘इलेव्हन प्लस’ सहावीच्या सुरुवातीला सप्टेंबरात होते आणि चारही शाळांसाठी एकच असते. नावनोंदणी मात्र पाचवीत असताना, उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच संपते. दरवर्षी कुणीतरी आई-बाबा जुलैअखेर विचारायला येतात आणि तेव्हा हातात काही नसतं. पात्र ठरायला १११ गुण लागतात, पण त्याने प्रवेशाची खात्री होत नाही. पुढे प्रत्येक शाळेचे स्वतःचे निकष असतात आणि लंडनच्या पश्चिम भागातली मुलंही परीक्षेला बसतात.

मला मनापासून वाटतं ते सांगते. नऊ वर्षांच्या मुलाला आठवड्यातून चार क्लास लावणारी घरं माझ्या आसपास आहेत आणि त्या मुलांचे चेहरे मी बघते. रोज थोडं इंग्रजी वाचन आणि पाढे पक्के असणं यानं बरंच काम होतं. इथल्या साध्या माध्यमिक शाळांतही चांगलं शिकवतात. परीक्षा नाही निघाली म्हणून मूल हरलं असं घरात कुणी बोलू नये.

स्वयंपाकघर आणि हिवाळा

पहिल्याच फोडणीला धुराचा अलार्म वाजणार. घाबरू नका आणि तो काढूनही ठेवू नका. मोहरी टाकण्याआधी पंखा लावा, खिडकी उघडा, स्वयंपाकघराचं दार बंद ठेवा. इथली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे, म्हणून मिक्सर चालतो, फक्त प्लग बदलावा लागतो. कुकर आणण्याआधी घरातली शेगडी कुठली ते विचारा. इंडक्शन असेल तर साधा अॅल्युमिनियमचा कुकर तापणारच नाही.

बॅगेत पेढे, बर्फी, खवा, तूप आणू नका. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. ताज्या भाज्या-फळांनाही, थोडे अपवाद सोडले तर, प्रमाणपत्र लागतं. गोडा मसाला, मेतकूट, आमसुलं मात्र जरूर आणा. बाकी पोहे, रवा, साबुदाणा, ज्वारीचं पीठ फार्नहॅम रोडच्या दुकानांत मिळतं. तिथे नसेल तर साउथॉलला जा, एलिझाबेथ लाइनवर स्लावनंतरचं पाचवं स्टेशन.

हिवाळ्यात कपडे घरातच वाळत घातले आणि खिडक्या बंद ठेवल्या तर दोन महिन्यांत भिंतीला काळी बुरशी धरते. रोज सकाळी दहा मिनिटं खिडक्या उघडा, थंडी असली तरी. बुरशी तुमच्या वापरामुळे नसून छत गळत असल्याने आली असेल, तर फोटो काढून मालकाला लगेच लिहा.

डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. पहिल्या वर्षी हा अंधार आई-वडिलांची आठवण काढायला लावतो, आणि घरी राहणाऱ्या जोडीदाराला जास्तच. म्हणून माणसं हिवाळ्याआधी जोडा. विल्यम स्ट्रीटवरच्या ‘द कर्व्ह’ या ग्रंथालयात लहान मुलांचे मोफत कार्यक्रम असतात, तिथे बऱ्याच ओळखी होतात. कील ड्राइव्हवर हिंदू मंदिर आहे. गुरुद्वाऱ्यात कुणीही जाऊन लंगरमध्ये जेवू शकतं. तिथे एक दिवस पोळ्या लाटायला बसलात तर अख्ख्या मोहल्ल्याची माहिती मिळते. मराठीपणासाठी लंडनचं महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ साली स्थापन झालेलं, डॉलिस हिलला. स्लावहून तिथे जायला तासाभराहून जास्त लागतो, तरी वर्षातून एकदा गणपतीला मुलांना घेऊन जा. एरवी शाळेच्या फाटकापाशी कान उघडे ठेवा. ‘अगं, डबा विसरलीस की’ असं कुणीतरी म्हणतंच.

सुट्टीच्या दिवशी

विंडसरला जायला स्लावहून छोटी गाडी आहे, सहा मिनिटांची, मध्ये एकही स्टेशन नाही. पाहुणे आले की किल्ला दाखवायचा. पण आमचं आवडतं ठिकाण ब्लॅक पार्क: पाइनचं रान, मोठं तळं, बदकं. डबा घेऊन जायचं.

आणि एखाद्या रविवारी अप्टनच्या सेंट लॉरेन्स चर्चपर्यंत चालत जा. ही स्लावमधली सगळ्यात जुनी वास्तू. जर्मनीतल्या हॅनोव्हरहून आलेला एक वादक, विल्यम हर्शल, इथे पुरलेला आहे. युरेनस शोधल्यावर तो १७८६ साली स्लावला राहायला आला. इथल्या अंगणात त्याने ४० फुटी दुर्बीण उभारली, १७८९मध्ये शनीचे दोन नवे चंद्र शोधले, आणि १८०० साली डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरणही त्याला इथेच सापडले. त्याची बहीण कॅरोलाइन रात्ररात्र त्याच्या शेजारी बसून नोंदी घ्यायची, आणि तिने स्वतःही धूमकेतू शोधले. आमची मुलगी त्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेली तेव्हा तिने विचारलं, ‘आई, ते पण दुसऱ्या देशातून आले होते?’ मी हो म्हटलं. मग तिथून घरापर्यंत ती दुर्बिणीबद्दलच बोलत होती.